पोटावरचं इंजेक्शन: डोस किती, दिवस किती आणि थांबवायचं कधी?

मागच्या अंकात पायात होणाऱ्या रक्ताच्या गुठळ्यांबद्दल लिहिलं आणि त्यानंतर जी पत्रं, मेसेज आले त्यातले बरेचसे एकाच औषधाबद्दल होते, पोटावर घ्यायचं ते रक्त गोठू न देणारं छोटं इंजेक्शन, एनॉक्सापॅरिन. म्हणून हा अंक पूर्ण त्यालाच दिलाय. सगळ्यांना एक विनंती आधीच करते. हे इंजेक्शन तुम्हाला गुठळी होऊ नये म्हणून दिलंय की झालेल्या गुठळीवर उपचार म्हणून दिलंय, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा आणि फाईलवर लिहून घ्या. औषध तेच असलं तरी दोन्हीचा डोस वेगळा, दिवस वेगळे, आणि चुकलं तर होणारं नुकसानही वेगळं. खाली आलेले निम्मे प्रश्न या एका गोष्टीपाशीच येऊन थांबतात.

प्रश्न: आईची गुडघा बदलायची सर्जरी झाली. घरी सोडताना एनॉक्सापॅरिन ४० ची इंजेक्शनं दिली, रोज एक, मीच देते. चार-पाच दिवसांत पोटावर इतके निळे-जांभळे डाग पडलेत की बघवत नाही. आई आता वॉकर घेऊन चालायला पण लागलीये. नातेवाईक म्हणतात चालतेय ना, मग कशाला टोचतेस, बंद कर. करू का?

नका करू, परस्पर तर अजिबात नका करू. तुमची घालमेल कळतेय मला, आपल्याच हाताने आईला टोचायचं आणि वर ते डाग बघायचे हे सोपं नाहीये. पण डाग आणि धोका या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इंजेक्शन चामडीखालच्या चरबीत जातं, तिथे बारीक केशवाहिन्या असतात, सुई एखादीला लागते आणि औषधच असं आहे की तिथलं रक्त लगेच गोठत नाही, म्हणून डाग पडतो. आठ-दहा दिवसांत हिरवा-पिवळा होत तो जातो.

आता चालण्याबद्दल. गुडघ्याच्या किंवा खुब्याच्या सर्जरीनंतर गुठळीचा धोका हॉस्पिटलमधून घरी आलं की संपत नाही, तो पुढे काही आठवडे राहतो, आणि बऱ्याच गुठळ्या डिस्चार्जनंतरच होतात. हाडावर काम झालेलं असतं, तिथल्या शिरांना इजा झालेली असते, शरीराने रक्त गोठवायची यंत्रणा जोरात चालू केलेली असते. चालण्याने फायदा होतो, नक्की होतो, पण वॉकर घेऊन खोलीत चार फेऱ्या म्हणजे रोजचं चालणं नव्हे. म्हणूनच गुडघ्यासाठी साधारण १० ते १४ दिवस आणि खुब्यासाठी बऱ्याचदा ३५ दिवसांपर्यंत हे औषध देतात. तुमच्या आईची शेवटची तारीख कुठली ते सर्जनना विचारून कॅलेंडरवर लिहा. नातेवाईकांना तारीख दाखवली की बोलणं आपोआप कमी होतं.

डाग कमी करता येतात, त्यासाठी देण्याची पद्धत एकदा तपासून बघा. आईला आडवं झोपवा किंवा मागे रेलून बसवा. बेंबीपासून किमान ५ सेंटीमीटर लांब, पोटाच्या बाजूला जिथे चिमटीत चरबी येते ती जागा घ्या. एक दिवस डावी बाजू एक दिवस उजवी, जुन्या डागावर किंवा टाक्यांच्या व्रणावर नाही. स्पिरिट लावलं तर वाळू द्या. चिमूट धरा, सुई सरळ उभी पूर्ण आत घाला, औषध हळूहळू सोडा, घाई करू नका, आणि चिमूट सुई बाहेर काढेपर्यंत सोडू नका. नंतर चोळायचं नाही! बरेच जण दुसऱ्या इंजेक्शनसारखं चोळतात आणि तिथेच डाग पसरतो. कापूस ठेवून हलकं दाबलं की झालं.

डाग वाढतच चाललाय, खाली टणक गोळा होऊन दुखतोय, किंवा इंजेक्शनच्या जागची चामडी काळी पडतेय असं दिसलं तर मात्र त्याच दिवशी दाखवा.

प्रश्न: माझ्या डाव्या पायात डीव्हीटी, म्हणजे खोल शिरेत गुठळी निघाली. मला एनॉक्सापॅरिन ६० सकाळ-संध्याकाळ देतायत, शेजारच्या बेडवरच्या पेशंटला ४० आणि ते पण एकदाच. मला जास्त तर देत नाहीयेत ना? वर आता वॉरफरिनची, रक्त गोठू न देणारी गोळी पण सुरू केलीये, दोन्ही एकदम? आणि आठवडा होत आला तरी सूज पूर्ण गेली नाही, म्हणजे गुठळी विरघळत नाहीये का?

शेजाऱ्यांना बहुतेक गुठळी होऊ नये म्हणून देतायत आणि तुम्हाला झालेल्या गुठळीवर. प्रतिबंधासाठी डोस बहुतेक ठरलेला असतो, ४० मिलिग्रॅम दिवसातून एकदा. उपचारासाठी तो वजनावर काढतात, किलोला १ मिलिग्रॅम, दर १२ तासांनी. काही पेशंटना किलोला दीड मिलिग्रॅम दिवसातून एकदा, असंही देतात. तुमचं वजन ६० च्या आसपास असेल तर हिशोब बरोबर बसतो. वजन अंदाजे सांगितलं असेल तर मात्र काट्यावर करून घ्या, या औषधात वजनाला खूप किंमत आहे.

गोळी आणि इंजेक्शन एकत्र हे चुकून नाही, मुद्दाम आहे. वॉरफरिनचा परिणाम चढायला दिवस लागतात, कारण रक्तात आधीपासून फिरत असलेले गोठवणारे घटक संपावे लागतात. त्यातून गंमत बघा, म्हणजे शरीराची रचनाच अशी आहे, की सुरुवातीच्या दिवसांत वॉरफरिन शरीराचं स्वतःचं गुठळी रोखणारं एक प्रोटीनही कमी करतं, त्याला प्रोटीन सी म्हणतात, आणि त्या काळात नुसत्या गोळीवर राहिलं तर उलट गुठळी वाढायची भीती. म्हणून निदान ५ दिवस दोन्ही एकत्र आणि आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा तपासणीचा आकडा, २ किंवा वर जाऊन किमान २४ तास तिथे टिकला की मगच इंजेक्शन थांबवतात. हल्लीच्या काही गोळ्या, म्हणजे रिव्हारोक्साबॅन, अपिक्साबॅन, यांना असा जोड लागत नाही, त्या लगेच काम करतात, पण तुम्हाला वॉरफरिन का निवडलं हे तुमच्या डॉक्टरांना विचारा, त्याची कारणं असतात.

सुजेबद्दल. हे औषध गुठळी विरघळवत नाही. आपल्या रक्तात अँटीथ्रॉम्बिन नावाचा एक नैसर्गिक ब्रेक असतो, एनॉक्सापॅरिन त्याला चिकटतं आणि तो ब्रेक कितीतरी जोरात लागतो, मुख्यतः रक्त गोठवणाऱ्या फॅक्टर टेन-ए या घटकावर. त्यामुळे गुठळी वाढायची थांबते, तुकडा सुटून फुप्फुसात जायची भीती कमी होते, आणि मग शरीर स्वतःच आठवडे-महिने घेत ती गुठळी साफ करतं. म्हणजे आठवड्यात सूज गेली नाही म्हणून औषध लागू पडत नाहीये असं नाही. सूज अचानक वाढली, धाप लागली, श्वास घेताना छातीत कळ आली किंवा खोकल्यातून रक्त पडलं तर एक मिनिट थांबू नका, तसेच इमर्जन्सीला जा.

प्रश्न: सिरिंजमध्ये एक हवेचा बुडबुडा असतो. तो काढायचा की नाही? तो आत गेला तर हार्टमध्ये जाईल ना?

नाही जाणार, हे इंजेक्शन शिरेत देतच नाहीत, चरबीत देतात. भरलेली सिरिंज पूर्ण द्यायची असेल तर बुडबुडा तसाच ठेवा, काढू नका. सुई खाली केली की तो दट्ट्याकडे वर जातो आणि शेवटी औषधाचा राहिलेला थेंब आत ढकलतो, काढायला गेलात तर बुडबुड्याबरोबर औषधही सांडतं. सिरिंजमधलं थोडंच औषध द्यायचं असेल, समजा ६० च्या सिरिंजमधून ५०, तर जास्तीचं आधी खुणेपर्यंत बाहेर सोडावं लागतं, ते नर्सकडून एकदा समोर करून बघा, मगच घरी करा.

प्रश्न: ताई, मला पाचवा महिना चालू आहे. मागच्या वेळी डिलिव्हरीनंतर पायात गुठळी झाली होती म्हणून यावेळी सुरुवातीपासून रोज इंजेक्शन आहे. सासूबाई म्हणतात एवढी इंजेक्शनं बाळाला बाधतील. मला पण रात्र रात्र झोप लागत नाही. आणि डिलिव्हरीच्या वेळी रक्त थांबलंच नाही तर?

अगं, आधी शांत हो. हे औषध बाळापर्यंत पोचत नाही. एनॉक्सापॅरिनचा रेणू मोठा असतो, तो नाळेतून पलीकडे जात नाही, आणि नेमकं याच कारणासाठी गरोदरपणात इंजेक्शन निवडतात. वॉरफरिनची गोळी नाळेतून जाते, विशेषतः सहाव्या ते बाराव्या आठवड्यात ती बाळाच्या वाढीला धोका करू शकते, म्हणून ती टाळली. सासूबाईंना हे समजावून सांग, त्यांची काळजी खरीच आहे, फक्त माहिती अर्धी आहे. पुढच्या तपासणीला त्यांना बरोबर घेऊन जा, डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की त्यांचाही जीव भांड्यात पडेल.

गरोदरपणात रक्त मुळातच जास्त गोठतं, बाळंतपणात होणाऱ्या रक्तस्रावाची शरीराने केलेली ती तयारी असते. गुठळीचा धोका या काळात एरवीच्या चार-पाच पट होतो, तुला तर आधी एकदा झालीये. महिने पुढे गेले की वजन वाढतं, तेव्हा डोस तपासायला हवा का हे विचार.

डिलिव्हरीचं प्लॅनिंग आधीच करायचं असतं, आठव्या महिन्यात नक्की कर. सिझेरियन किंवा कळा सुरू करण्याची तारीख ठरली तर आधीच्या दिवशीपासून इंजेक्शन थांबवतात. पाठीतून भूल द्यायची असेल, एपिड्युरल असो की स्पायनल, तर प्रतिबंधाच्या डोसनंतर किमान १२ तास आणि उपचाराच्या डोसनंतर किमान २४ तास गेलेले लागतात, नाहीतर मणक्याच्या आत रक्त साठून पायांवर परिणाम होऊ शकतो. म्हणून एक गोष्ट लक्षात ठेव, कळा सुरू झाल्यासारखं वाटलं, पाणी गेलं किंवा रक्त दिसलं तर पुढचं इंजेक्शन घेऊ नकोस, आधी हॉस्पिटलला फोन कर, आणि शेवटचं इंजेक्शन किती वाजता घेतलं ते सांग. रोजची वेळ मोबाईलमध्ये लिहून ठेवायची सवय आत्तापासूनच लाव.

डिलिव्हरीनंतर परत सुरू करतात आणि तुझ्यासारख्या केसमध्ये किमान ६ आठवडे, कारण सगळ्यात जास्त धोका त्याच आठवड्यांत असतो. बाळाला अंगावर पाजता येतं, काही अडचण नाही. बाळाच्या धावपळीत स्वतःचं इंजेक्शन विसरतं ते तेव्हाच, म्हणून ही जबाबदारी घरातल्या एका माणसाकडे नावानिशी दे.

प्रश्न: आम्ही पूर्ण शाकाहारी आहोत. वडिलांना दिलेलं हे इंजेक्शन डुकरापासून बनतं असं कळलं. खरंय का? दुसरा पर्याय आहे का?

खरंय. एनॉक्सापॅरिन हे हेपॅरिनपासून करतात आणि आज हेपॅरिन मुख्यतः डुकराच्या आतड्याच्या अस्तरातून काढतात. याची सुरुवात १९१६ ची. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला जे मॅक्लिन नावाचा वैद्यकीय विद्यार्थी विल्यम हॉवेल यांच्या प्रयोगशाळेत रक्त गोठवणारा पदार्थ शोधत होता आणि कुत्र्याच्या यकृताच्या अर्कात त्याला नेमका उलटा, गोठणं रोखणारा पदार्थ सापडला. पुढे १९३० च्या दशकात टोरांटो आणि स्टॉकहोममधल्या लोकांनी तो माणसाला देण्याइतका शुद्ध केला. हेपॅरिनचे मोठे रेणू तोडून लहान केले की एनॉक्सापॅरिनसारखी औषधं मिळतात, चरबीतून जवळजवळ पूर्ण शोषली जाणारी आणि परिणामाचा अंदाज बांधता येणारी, म्हणून तर घरी देता येतात. तोंडाने घेतली तर आतड्यातून शोषलीच जात नाहीत, त्यामुळे याची गोळी नाही.

पर्याय आहे. फोंडापॅरिनक्स हे इंजेक्शन पूर्णपणे रासायनिक पद्धतीने बनवतात, त्यात प्राण्याचा काही भाग नाही, तेही दिवसातून एकदाच असतं. पण ते शरीरात जास्त वेळ टिकतं, किडनी बरीच कमजोर असेल तर देत नाहीत, आणि त्याचा परिणाम उलटवायला प्रोटामीन, म्हणजे हेपॅरिनवरचा उतारा, चालत नाही. एनॉक्सापॅरिनचा परिणाम प्रोटामीनने पूर्ण नाही तरी बराचसा कमी करता येतो. काहींना गोळ्याही चालतात. माझं मत असं की हा प्रश्न विचारायला संकोच करू नका, पण ऑपरेशनच्या आधी विचारा म्हणजे डॉक्टरांना निवडायला जागा राहते. आत्ता इंजेक्शन चालू असेल तर पर्याय हातात येईपर्यंत मध्येच थांबवू नका, एवढं ऐका माझं.

प्रश्न: बाबा ८२ वर्षांचे, बारीक अंगाचे. छातीत गुठळी गेली म्हणून उपचार चालू आहे, इंजेक्शन दोनदा. परवा बाथरूममध्ये पाय घसरला, डोकं भिंतीला लागलं, पण जखम नाही, बोलतायत नीट. किडनीची रक्ततपासणी, क्रिएटिनिन, नॉर्मल आहे म्हणतात. काळजीचं कारण नाही ना?

हे वाचल्यावर मी आपल्या संपादकांना सांगून तुम्हाला लगेच कळवायला लावलं, तरी सगळ्यांसाठी इथे लिहिते. रक्त गोठू न देणारं औषध उपचाराच्या डोसमध्ये चालू असताना डोक्याला मार लागला की बाहेर जखम नसली, माणूस नीट बोलत असला, तरी हॉस्पिटलमध्ये दाखवायचं, त्याच दिवशी, आणि बहुतेक वेळा सीटी स्कॅन करून घ्यायचा. कवटीच्या आतलं रक्त हळूहळू साठतं, काही तास सगळं ठीक दिसतं आणि मग डोकेदुखी, उलटी, गुंगी, असंबद्ध बोलणं सुरू होतं. हे अंगावर काढायचं दुखणं नाही. पुढचा डोस द्यायचा की नाही तेही तिथेच विचारा.

आता दुसरा भाग, क्रिएटिनिन. हे औषध किडनीतून बाहेर पडतं. वयस्कर, बारीक माणसाच्या अंगात स्नायू कमी, त्यामुळे रिपोर्टवर क्रिएटिनिन नॉर्मल दिसतं आणि प्रत्यक्षात किडनीचं काम बरंच कमी झालेलं असतं. म्हणून वय आणि वजन धरून क्रिएटिनिन क्लिअरन्स, म्हणजे किडनी प्रत्यक्षात किती काम करते त्याचा आकडा काढतात. तो ३० च्या खाली गेला तर औषध साठत जातं, आणि उपचाराचा डोस दोनदाच्या ऐवजी एकदाच करावा लागतो किंवा औषधच बदलतात. तुम्ही डॉक्टरांना एवढंच विचारा, बाबांचा क्लिअरन्स किती आणि डोस त्याप्रमाणे आहे का. मध्ये जुलाब-उलट्या झाल्या, खाणंपिणं कमी झालं तर परत तपासा. काळी डांबरासारखी शी, लघवीत रक्त, १०-१५ मिनिटं दाबूनही न थांबणारा घोळणा, एकदम फिकट पडणं, गरगरणं, यातलं काहीही दिसलं तर तसंच उचलून न्या.

प्रश्न: रात्रीचं इंजेक्शन विसरलो, सकाळी आठवलं. दोन एकदम घेऊ?

दोन एकदम कधीच नाही. आठवल्यावर घ्यायचं, पण पुढच्याची वेळ जवळ आली असेल तर विसरलेलं सोडून द्यायचं आणि नेहमीच्या वेळी पुढचं घ्यायचं. दिवसातून दोनदा असेल आणि सकाळीच आठवलं, म्हणजे पुढच्याची वेळ झालीच आहे, तेव्हा फक्त सकाळचं घ्या. उपचाराचा डोस असेल तर डॉक्टरांना फोन करून सांगा, लपवू नका, ते रागावणार नाहीत.

प्रश्न: बायपासच्या वेळी हेपॅरिन दिलं होतं, आठवड्याने प्लेटलेट एकदम निम्म्याहून खाली आल्या आणि पायात गुठळी झाली. सोडताना सांगितलं हेपॅरिन परत घेऊ नका. प्लेटलेट कमी म्हणजे रक्त वाहायला पाहिजे, मग गुठळी कशी? आणि एनॉक्सापॅरिन चालेल का?

चालणार नाही, तेही हेपॅरिनच्याच कुळातलं. तुम्हाला जे झालं त्याला एचआयटी, म्हणजे हेपॅरिनमुळे प्लेटलेट कमी होणं, म्हणतात. काही लोकांच्या शरीरात हेपॅरिन आणि प्लेटलेटमधलं एक प्रोटीन एकत्र आलं की त्याविरुद्ध अँटिबॉडी तयार होतात, त्या प्लेटलेटना चेतवतात, चेतलेल्या प्लेटलेट एकमेकींना चिकटून गुठळ्या करतात आणि त्यातच खर्ची पडतात. म्हणून आकडा खाली आणि गुठळी वर. साधारण औषध सुरू झाल्यावर ५ ते १० दिवसांत हे दिसतं, गेल्या तीनेक महिन्यांत हेपॅरिन मिळालेलं असेल तर त्याहून लवकरही. एनॉक्सापॅरिनने हे साध्या हेपॅरिनपेक्षा खूप कमी वेळा होतं, पण होतं.

तुम्ही एक करा, जाड अक्षरात लिहिलेलं कार्ड पाकिटात ठेवा: हेपॅरिन आणि एनॉक्सापॅरिन देऊ नये, एचआयटी झालेली आहे. प्रत्येक हॉस्पिटलमध्ये, प्रत्येक वेळी, तोंडानेही सांगा, कारण शिरेतली नळी साफ ठेवायला थोडंसं हेपॅरिन वापरतात तेही तुम्हाला नको. गरज पडली तर आर्गाट्रोबान, बायव्हॅलिरुडिन, फोंडापॅरिनक्स अशी दुसरी औषधं आहेत.

प्रश्न: इंजेक्शन चालू असताना कंबर दुखते, डायक्लोफेनॅक घेतली तर?

नको. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, नेप्रोक्सेन यांच्यामुळे पोटातून रक्त जायचा धोका चांगलाच वाढतो. पॅरासिटामॉल ठरलेल्या डोसमध्ये चालते. अ‍ॅस्पिरिन हार्टसाठी आधीपासून चालू असेल तर परस्पर बंदही करू नका, फक्त डॉक्टरांना आठवण करून द्या. आणि पाठीतून भूल घेतल्यानंतर कंबर दुखतेय, त्यातच पाय बधिर किंवा जड पडलेत, तर ती साधी कंबरदुखी समजू नका, ताबडतोब हॉस्पिटल गाठा.

प्रश्न: सिरिंज फ्रीजमध्ये ठेवायच्या का? वापरलेल्या कुठे टाकायच्या?

फ्रीजची गरज नाही, २५ अंशांच्या आत, उन्हापासून लांब ठेवा, गोठवायच्या तर मुळीच नाहीत. वापरलेल्या सुईला टोपण परत लावू नका, बोटाला लागते. झाकणाचा जाड प्लास्टिकचा डबा घ्या, त्यात टाका, मुलांच्या हाताला लागणार नाही असा ठेवा, आणि भरला की दवाखान्यात किंवा ज्या हॉस्पिटलने इंजेक्शनं दिली तिथे विचारून द्या. कचऱ्याच्या पिशवीत सुट्या सुया टाकू नका, ती पिशवी पुढे कोणीतरी हाताने उचलतं.